जित्याची खोड जाते का?

मैत्रिणींनो, दुपारची कामं आटोपून आपण वर्तमानपत्र हातात घेतो आणि एखादी बातमी वाचून चहा घशाखाली उतरेनासा होतो. कोवळ्या मुलीवर अत्याचार करणारा माणूस आधीही असल्याच गुन्ह्यासाठी तुरुंगात जाऊन आलेला असतो. शेजारच्या काकू म्हणतात, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.” दुसरी म्हणते, “अहो, नीट उपचार केले तर सुधारेलही!” या दोघींत खरं कुणाचं?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये नुसता बोलला गेला नाही, मोजला गेला. तिथल्या तुरुंगांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून लैंगिक गुन्हेगारांसाठी खास उपचारवर्ग चालत. कैद्यांना गटात बसवायचं, केलेल्या गुन्ह्याबद्दल बोलतं करायचं, ज्या स्त्रीला वा मुलाला त्रास दिला त्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहायला लावायचं. उद्देश चांगला, मेहनतही भरपूर. वर्ग घेणारे सगळेच मानसशास्त्रज्ञ नव्हते. शिकवून तयार केलेले तुरुंग-कर्मचारीही होते.

आता गुण आला हे ओळखायचं कसं? आपल्याकडे म्हणतात ना, काढा घेतला तर सर्दी सात दिवसांत जाते आणि नाही घेतला तर आठवड्यात! म्हणून काढा न घेणाऱ्याशी तुलना हवी. तशी ती केली आणि २०१७ साली तिथल्या न्याय मंत्रालयाने अहवाल छापला. वर्ग केलेले २,५६२ जण आणि न केलेले १३,२१९ जण, सुटकेनंतर सरासरी आठ वर्षं पाहिले. वर्ग न केलेल्यांपैकी शंभरात ८ जणांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याची नोंद झाली. आणि वर्ग केलेल्यांपैकी? शंभरात १०!

म्हणजे गुण तर नाहीच, उलट थोडं जास्तच. असं का व्हावं? गटात एकमेकांच्या कहाण्या ऐकून ‘आपण एकटेच असे नाही’ असं वाटू लागलं असेल, असाही एक तर्क अहवालात मांडला आहे. तो अभ्यासही अगदी बिनचूक नव्हे, कारण कुणाला वर्गात घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. पण तो कार्यक्रम बंद झाला आणि त्याजागी नवे आले.

मग काकूंचंच खरं का? थांबा, घाई नको. २०१९ मध्ये थेरेसा गॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. लैंगिक गुन्ह्यांवरच्या उपचारांपुरतं बोलायचं, तर पाचेक वर्षांहून अधिक काळात उपचार न घेतलेल्यांत शंभरी १४ आणि घेतलेल्यांत साडेनऊ जण पुन्हा गुन्ह्यात सापडले. जिथे शिकलेला, अनुभवी मानसशास्त्रज्ञ सातत्याने हजर होता, तिथे गुण अधिक दिसला. थोडक्यात काय, औषध तेच असलं तरी देणाऱ्याच्या हातावर पुष्कळ अवलंबून असतं.

कॅनडात १९९४ पासून आणखी एक वाट चोखाळली गेली. सुटून आलेल्या माणसाभोवती गावातलेच चार-पाच स्वयंसेवक ठेवायचे. ते त्याला नेमाने भेटतात, कामधंद्याला मदत करतात आणि पाऊल घसरताना दिसलं तर स्पष्ट जाब विचारतात. एकटा पडलेला माणूस अधिक धोक्याचा, ही त्यामागची समजूत.

तेव्हा दोघीही अर्ध्याअर्ध्या बरोबर. खोड कधीच जात नाही असं नाही; पण ‘उपचार झाले’ म्हणजे ‘बरा झाला’ असंही नाही. शिवाय हे सारे आकडे पकडल्या गेलेल्यांचे. किती बायका, किती मुलं तोंडच उघडत नाहीत, हे आपल्याहून जास्त कुणाला ठाऊक?

आणि इथेच हा विषय आपल्या उंबरठ्याशी येतो. आपल्या देशात पोक्सो कायद्याखाली नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांत शंभरातल्या नव्वदाहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. घरातल्या अशा माणसाचं प्रकरण दडपलं जातं. “आता सुधारलाय गं तो, माफी मागितली, झालं गेलं विसर,” असं वडीलधारे सांगतात. अहो, तिथे शिकलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं वर्ग घेतले, तरी सुधारला की नाही हे मोजून पाहावं लागलं. मग देवासमोर घेतलेल्या एका शपथेवर आपण लेकराला त्याच्याजवळ कसं सोडायचं?

सुधारू पाहणाऱ्याला संधी जरूर मिळावी, पण तिची किंमत आपल्या मुलांनी भरू नये. मूल कुणाजवळ जायला कचरत असेल, तर “असं करू नये, काका आहेत ना,” म्हणून दटावू नका. जवळ घेऊन विचारा. ते सांगेल त्यावर विश्वास ठेवा. मदत हवी असेल तर मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक आहे, पोलीस आहेत. ‘लोक काय म्हणतील’ हा विचार त्यानंतरचा.