रंगीत काचेच्या खिडकीत आधी काय बिघडतं?

मी मस्तगड, जालन्याहून. आज बोलूया कुलाब्याच्या अफगाण चर्चबद्दल. हे १८५८ सालचं. रंगीत काचा इंग्लंडच्या विल्यम वेल्स यांच्या. अशी जुनी खिडकी फुगली की लोक म्हणतात, "काचच बदला." थांबा! काच शेकडो वर्षं टिकते. तिचे तुकडे धरून ठेवणाऱ्या शिशाच्या पट्ट्या आधी थकतात. म्हणून आधी फोटो, कागदावर ठसा, प्रत्येक तुकड्याला नंबर. आमच्या भाषेत, बॅकअप! मग खिडकी सोडवायची, काच हलकेच पुसायची, नव्या पट्ट्यांत बसवून डाख द्यायचा, फटी पुट्टीने भरायच्या. घासायचं मात्र नाही. भट्टीत भाजलेलं चित्रही सैल झालं असेल तर निघून येतं, आणि ते परत मिळत नाही. शिसं बाजारात मिळतं. तेव्हा तुमच्या गावात अशी खिडकी दिसली, तर आधी पट्ट्या तपासायला सांगा.