संत्र्याच्या खोडावरचा डिंक : दुखणे सालीचे, कारण पाण्याचे

पावसाळा उलटून आश्विनातली उन्हे तापू लागली, की वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील संत्रा बागांमध्ये काही झाडांच्या बुंध्यावर तांबूस, चिकट डिंकाचे ओघळ दिसू लागतात. सुरुवातीला त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. झाड हिरवे असते, अंबिया बहाराची फळे रंगावर येत असतात आणि बागायतदाराचे सारे ध्यान व्यापाऱ्याच्या सौद्याकडे लागलेले असते. पुढे एक-दोन हंगामांत त्याच झाडाची पाने पिवळी पडतात, शेंडे वाळू लागतात आणि अखेर ते उभ्या उभ्या सुकते. विदर्भात हा रोग 'डिंक्या' या नावाने ओळखला जातो.

संत्र्याचे कलम लावल्यापासून फळावर येण्यास पाच ते सहा वर्षे लागतात. नीट सांभाळलेली बाग त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे उत्पन्न देते. त्यामुळे दहा-बारा वर्षांचे झाड जाणे म्हणजे एका हंगामाचा नव्हे, तर पुढील अनेक वर्षांच्या उत्पन्नाचा तोटा असतो. शिवाय रिकाम्या झालेल्या जागेत लावलेले नवे कलमही त्याच मातीतील रोगाला बळी पडू शकते. म्हणूनच या रोगाचे स्वरूप मुळापासून समजून घेणे आवश्यक ठरते.

बुरशीसारखी, पण बुरशी नव्हे

डिंक्याला कारणीभूत असलेल्या सूक्ष्म जीवाचे शास्त्रीय नाव 'फायटोफ्थोरा' असे आहे. जर्मन शास्त्रज्ञ अँटोन डी बॅरी यांनी १८७६ मध्ये हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'वनस्पतींचा विध्वंसक' असा होतो. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक नष्ट करून भीषण दुष्काळ ओढवणारा रोगही याच कुळातला. व्यवहारात त्याला बुरशी म्हटले जात असले, तरी शास्त्रीय दृष्ट्या तो खऱ्या बुरशीपेक्षा पाण्यातील शेवाळाच्या वर्गाला अधिक जवळचा आहे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. फायटोफ्थोराचे चल बीजाणू मातीतील पाण्यात पोहू शकतात. जमीन कोरडी असेल तर ते फार दूर जाऊ शकत नाहीत. मात्र बुंध्याशी पाणी साचले, की मुळांपर्यंत आणि खोडाच्या सालीपर्यंत त्यांचा मार्ग मोकळा होतो. एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्या झाडाच्या आळ्यात पाणी सोडण्याची जुनी पद्धत म्हणजे रोगाला एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेणारा पाटच होय. विदर्भातील भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होत असल्याने हा धोका अधिक वाढतो.

साल गेली की मुळे उपाशी

पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचवण्याचे काम सालीचा आतील थर करतो. फायटोफ्थोरा हाच थर कुजवतो. साल प्रथम ओलसर व काळपट होते, मग तडकते आणि तिच्यातून डिंक पाझरतो. डिंक हा रोग नसून झाडाने आपल्या परीने केलेला प्रतिकार असतो. कुजण्याची ही कड खोडाभोवती पसरत जाऊन पूर्ण वेढा पडला, की मुळांचा अन्नपुरवठा तुटतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडणे हे त्याचे ठळक लक्षण आहे.

याच अवस्थेत झाड अनेकदा अवेळी आणि भरभरून फुलते. एरवी हेच झाड मागे असताना यंदा फुलांनी लदलेले पाहून समाधान वाटणे स्वाभाविक आहे; परंतु फळे लहान राहतात आणि तो बहार बऱ्याचदा झाडाचा शेवटचा ठरतो. अवेळी लदलेल्या झाडाच्या बुंध्याची माती बाजूला करून साल तपासणे म्हणूनच आवश्यक असते.

जखमेची स्वच्छता

वेढा पूर्ण होण्यापूर्वी रोग लक्षात आल्यास झाड वाचवता येते. त्यासाठी रोगट साल धारदार चाकूने किंवा पटाशीने, कडेचा थोडासा निरोगी भाग धरून, खरवडून काढावी. खालील लाकडाला इजा होऊ देऊ नये. काढलेले तुकडे झाडाखाली न टाकता गोळा करून जाळावेत. जखम पोटॅशियम परमँगनेटच्या एक टक्का द्रावणाने, म्हणजे एक लिटर पाण्यात १० ग्रॅम या प्रमाणात, धुवावी. ती सुकल्यावर बोर्डो मलम लावावे. एका झाडावर वापरलेले हत्यार दुसऱ्या झाडाला लावण्यापूर्वी निर्जंतुक करणे विसरू नये.

बोर्डो मलम : जुने पण खात्रीचे

या मलमाचा उगम फ्रान्समधील बोर्दो परिसरातला. चोरांनी रस्त्याकडेची द्राक्षे खाऊ नयेत म्हणून तेथील बागायतदार वेलींवर मोरचूद व चुन्याचे निळसर पाणी शिंपडत असत. अशा वेलींवर केवडा रोग पडत नसल्याचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मलमासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण आहे. मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि चुना पाच लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवावा. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे असावे. लोखंडी भांडे वापरू नये. दोन्ही द्रावणे थंड झाल्यावर तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. तयार मिश्रणात लोखंडी विळा किंवा खिळा थोडा वेळ बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास मिश्रणात आम्लता शिल्लक आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी, अन्यथा सालीला इजा होते. मलम त्याच दिवशी वापरावे.

निरोगी झाडांच्या खोडालाही जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीपर्यंत हे मलम पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा लावण्याची शिफारस आहे.

औषधाची गफलत

डिंक दिसताच कार्बेन्डाझिमची फवारणी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. हे बुरशीनाशक खऱ्या बुरशींवर चालते. फायटोफ्थोरावर त्याचा परिणाम होत नाही. पैसा खर्च होतो आणि रोगाला मधला काळ मोकळा मिळतो. या रोगासाठी मेटॅलॅक्झिल-एम व मँकोझेब यांचे संयुक्त बुरशीनाशक किंवा फोसेटिल एएल, प्रतिलिटर पाण्यात अडीच ग्रॅम या प्रमाणात शिफारशीत येते. झाडाचा आकार पाहून फवारणी व आळवणीचे नियोजन कृषी विद्यापीठ किंवा कृषी विभागाच्या सल्ल्याने करावे.

शेणखतातून ट्रायकोडर्मा देणेही उपयुक्त ठरते. ट्रायकोडर्मा ही मात्र स्वतः जिवंत बुरशी आहे. ती आणि रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी एकाच वेळी केल्यास ती मरून जाते, म्हणून दोहोंत पुरेसे अंतर ठेवावे.

साल खाणारी अळी वेगळी

सालीवरील प्रत्येक जखम डिंक्याची नसते. खोडावर किंवा फांद्यांच्या बेचक्यात भुसा व विष्ठेची जाळी लटकलेली दिसल्यास ते साल खाणाऱ्या अळीचे काम समजावे. ही अळी दिवसा छिद्रात लपते आणि रात्री जाळीच्या आडोशाने साल कुरतडते. दुर्लक्षित, दाटीच्या बागांत तिचा उपद्रव अधिक असतो. जाळी साफ करून छिद्रात तार घालून अळी मारावी, पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारावा आणि छिद्र चिखलाने लिंपावे. पूर्वी या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉस या कीटकनाशकावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुन्या पुस्तिकांत त्याचा उल्लेख आढळला तरी ते वापरू नये.

वखराचा किंवा ट्रॅक्टरच्या अवजाराचा फटका आणि वैशाखातील उन्हाने तडकलेली साल यांतूनही रोगाला प्रवेश मिळतो. बुंध्यालगत मशागत टाळणे हाच त्यावर उपाय आहे.

कलम निवडीपासून सुरुवात

मलम आणि औषध रोग थोपवतात. तो परत येऊ नये याची सोय पाण्याच्या शिस्तीतच करावी लागते. पाटपाणी देताना दुहेरी आळे पद्धत वापरावी. खोडालगतचे आतील आळे कोरडे ठेवून पाणी बाहेरील आळ्यात सोडावे. ठिबकच्या तोट्या बुंध्याशी न ठेवता फांद्यांच्या घेराखाली ठेवाव्यात. पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी उताराच्या दिशेने चर काढावेत आणि भारी जमिनीत नवी लागवड गादीवाफ्यावर करावी.

रोग अनेकदा रोपवाटिकेतूनच बागेत येतो. संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबू या खुंटावर बांधला जातो. त्यांपैकी जंबेरी या रोगाला अधिक लवकर बळी पडते, तर रंगपूर लिंबू तुलनेने तग धरतो. कलम घेताना डोळा जमिनीपासून सुमारे नऊ इंच उंचीवर बांधलेला आहे का आणि तंतुमुळे पांढरी व निरोगी आहेत का, हे पाहावे. लावतानाही डोळ्याचा भाग मातीखाली जाता कामा नये. नागपूर येथे १९८५ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने निर्जंतुक मातीच्या पिशव्यांत रोगमुक्त कलमे तयार करण्याच्या तंत्रावर भर दिला आहे. अशी कलमे काहीशी महाग पडतात. तथापि पाच-सहा वर्षे जोपासून ऐन उत्पन्नाच्या वेळी झाड गमावण्याच्या तुलनेत हा खर्च नगण्य ठरतो.