बाराचे माप

शस्त्र कायदा १९५९ च्या तेराव्या कलमात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी अशी बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असे ते कलम सांगते. त्यालाच एक परंतुक जोडले आहे: ठासणीची बंदूक या कामाला पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसऱ्या एखाद्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो. इंदापूर तालुक्यातले अंथुर्णे आणि त्याच्या आसपासचा नीरा डाव्या कालव्याचा पट्टा उसाचा, मक्याचा. रानडुकराला ही दोन्ही पिके प्रिय, त्यामुळे तिथे हे कलम पुस्तकी राहत नाही. पण बंदूक पुरी की अपुरी हे ठरवायचे कशावरून? नळीच्या तोंडातून दारू ओतून, गजाने गोळी ठासून भरायचे हे हत्यार जात्याच बेभरवशाचे, असा समज पक्का आहे. माझ्या मते बेभरवशाचे असते ते बाराचे, म्हणजे एका वेळी भरायच्या दारूगोळीचे, माप. हत्याराचा दोष त्यानंतरचा.

गुळगुळीत नळीत गोळी सहज उतरावी म्हणून ती नळीपेक्षा बरीच लहान ओतत. उरलेल्या फटीतून दारूचा वायू निसटे आणि गोळी नळीच्या कडांवर आपटत बाहेर पडे. शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तशी तिला गिरकी मिळे आणि तिकडे ती वळे. इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ च्या आपल्या ग्रंथात लंबकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला आणि हे वळणे गिरकीमुळे होते, हे पुढे प्रयोगांनी दाखवले. नळीला आतून मळसूत्री आटे पाडले की सगळ्या गोळ्यांना एकाच दिशेची गिरकी मिळते. मात्र आट्यांत घट्ट बसणारी गोळी ठासायला वेळ लागतो, आणि लढाईत तेवढा वेळ कोणी देत नाही.

या पेचाची उकल १८४९ च्या सुमारास फ्रेंच कप्तान मिनिए याच्या नावाने रूढ झालेल्या गोळीत सापडली. तिचे बूड पोकळ असते. ती सैल उतरते आणि बार पेटला की वायूच्या दाबाने बुडाची कड फुलून आट्यांत शिरते. ब्रिटिश फौजेच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलीत हेच तत्त्व होते. नळी साधारण ९९ सेंटिमीटर लांब आणि आट्यांचा एक फेरा जवळजवळ दोन मीटरला, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा घेई. गोळी सुमारे ३४ ग्रॅमची, दारू साडेचार ग्रॅमच्या आतबाहेर. हे प्रमाण मनाला येईल तसे बदलता येत नाही. दारू कमी पडली तर बूड फुलत नाही आणि गोळी आटे न धरताच निघून जाते. जास्त झाली तर नळीच्या तोंडाशी ती पातळ कड वेडीवाकडी फाकते. दोन्ही वेळा नेम बिघडतो, आणि ‘मूठभर जादा दारू म्हणजे जादा मार’ हा गावठी हिशेब इथेच चुकतो. (वर नळी फुटण्याचा धोका वेगळाच.)

दारूबरोबर राखही मोजायला हवी. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो आणि नळीत साचतो. काडतुसाला चरबी लावत ती गोळी सरकावी आणि ही राख मऊ राहावी म्हणून. १८५७ चा वाद शिपायाच्या धर्माचा होता आणि त्याचा राग खराच होता. पण त्या चरबीला बारात नेमके काम होते, हे सहसा सांगितले जात नाही. म्हणूनच सरकारने त्या जानेवारीत शिपायांना आपापले वंगण वापरायची मुभा दिली, वंगण रद्द केले नाही. पुढे गोळीचा व्यासही ०.५६८ इंचावरून ०.५५० इंचावर आणला गेला, कारण राख साचलेल्या नळीत जाड गोळी ठासणे जड जाई. दमट हवेत ही राख ओलसर राहते, कोरड्या हवेत तिचा कडक थर बनतो. कोकणात पाचव्या बारालाही गोळी सहज उतरेल. अंथुर्ण्याच्या चैत्रातल्या कोरड्या हवेत तोच बार तिसऱ्या खेपेला अडेल. एका जिल्ह्याचे माप दुसऱ्यात जसेच्या तसे चालेल असे मानू नये.

तेव्हा चांदमारीवर तपासायचे काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गोळी, तिच्याभोवती गुंडाळायचा फडका, वंगण तेच ठेवून दारू थोडी थोडी वाढवायची. सुरुवात बनवणाऱ्याने दिलेल्या सर्वांत कमी मापापासून आणि शेवट त्याच्या कमाल मर्यादेच्या आत. प्रत्येक मापाचे किमान पाच बार टेकूवरून झाडायचे आणि दर बारानंतर नळी ओल्या फडक्याने पुसायची. पाचही भोके निशाणाच्या मध्यावर आहेत का, हा प्रश्न नंतरचा. आधी ती एकमेकांच्या किती जवळ आहेत ते पाहायचे. गोल गोळीभोवतीचा फडका बारानंतर पुढे पडतो, तोही उचलून पाहावा. जळून फाटला असेल तर तो पातळ आहे किंवा दारू जास्त आहे. गोळी दारूवर पक्की टेकली की गजावर खूण करून ठेवायची. पुढच्या खेपेला खूण वर राहिली तर मध्ये पोकळी आहे, आणि अशा पोकळीने नळी फुटू शकते. लांब गोळीला दाट फेऱ्याचे आटे लागतात, हा हिशेब वूलिचचे गणिती ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये सूत्रात मांडला. त्यात निर्णायक आहे ती गोळीची लांबी. नुसत्या वजनावरून गोळी निवडणे म्हणूनच फसवे.

यावर आक्षेप येईल की हे सारे आट्यांच्या रायफलीला लागू. शेतकऱ्याच्या गुळगुळीत नळीला कसली आलीय चाचणी? आक्षेपात तथ्य आहे. गुळगुळीत नळी रायफलीची बरोबरी करणार नाही. पण ठासणीच्या हत्यारांच्या जागतिक स्पर्धांत जपानी तोड्याच्या बंदुकीसाठी ५० मीटरचा ‘तानेगाशिमा’ हा स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्या बंदुकीची नळी गुळगुळीतच असते. गोळी आणि फडका यांचा मेळ बसला की फट मिटते, निदान तेवढ्या पल्ल्यापुरती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेतात बार उडवायचा तो आवाजाने जनावर हाकलायला, नेमाची गरजच काय? मग गोळी भरूच नये. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते, परवानगीवाचून त्याला मारता येत नाही. आणि परवानगी असेल तर अंदाजाने झाडलेली गोळी त्याला जखमी करून उसात सोडते. जखमी डुक्कर उसात असताना तिथे शिरणारा माणूस ऊसतोडणीचाच असणार.

आपल्याकडे या काटेकोरपणाची परंपरा नव्हती, असेही म्हणता येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना राहत्या घरांपासून दूर ठेवावा, दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून उन्हात तापवावी आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, अशी ताकीद आहे. दमट दारू म्हणजे फुसका बार, हे त्यांना पुरते ठाऊक होते. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्ये निघाला, तोवर फौजेत मागून भरायच्या रायफली येऊ लागल्या होत्या. शिपायाच्या हातातले बाराचे माप त्यानंतर कारखान्याच्या तराजूत गेले. ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात ते अजून आहे. तेव्हा परंतुकाचा आधार घेऊन ती अपुरी ठरवण्याआधी परवानाधारकाने आणि अधिकाऱ्यानेही मान्यताप्राप्त चांदमारीवरचा तिचा पाच बारांचा कागद एकदा समोर ठेवून पाहावा.