चाकांवरचे घर : जुनी कॅम्पर व्हॅन पारखताना

(द्वितीय वर्ष, कला)

‘कला शाखेच्या मुलीने इंजिनावर काय लिहावे?’ असा प्रश्न वाचकांच्या मनात आला तर तो रास्तच आहे. पण माझे वडील महामार्गालगतच्या एका गॅरेजात फिटर आहेत. शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. मात्र पाना आणि पक्कड मी बाराखडीबरोबरच ओळखायला शिकले. तेव्हा या लेखातले ज्ञान त्यांचे, शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या माझ्या.

निमित्त झाले मामाचे. मुंबईत २२ वर्षे नोकरी करून, गाठीला चार पैसे बांधून तो गावी परतला. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्याचे त्याने कुठेतरी वाचले होते. पलंग, शेगडी, बेसिन असलेली एखादी जुनी व्हॅन घ्यायची आणि पर्यटकांना कोकण दाखवायचे, हे त्याचे स्वप्न. तशी एक गाडी विकाऊ होती. मॉडेल २००९ चे, मीटरवर ६८,००० किलोमीटर. आतले पडदे पाहूनच मामी हरखली. मामा तर बयाणा देऊन मोकळा होण्याच्या बेतात होता. बाबा म्हणाले, “दाजी, एक दिवस थांबा.”

बाबांनी आधी मीटर पाहिलाच नाही. पायाशी वाकून पेडल पाहिले. क्लचचे रबर झिजून लोखंड दिसत होते, चालकाची सीट एका बाजूला दबली होती. ६८,००० किलोमीटरमध्ये एवढी झीज होत नाही. मीटर मागे फिरवता येतो, पेडल फिरवता येत नाही. आणि समजा, आकडा खरा असला तरी? कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा आपला गैरसमज आहे. कॅम्पर वर्षातले बरेच महिने उभीच असते, आणि उभी गाडी निराळ्या तऱ्हेने म्हातारी होते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते. बॅटरी मरते. टायरवरची नक्षी शाबूत राहते, पण कडेचे रबर तडकते. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. ‘१४१३’ म्हणजे २०१३ सालचा चौदावा आठवडा. या गाडीवर नेमका हाच आकडा होता!

इंजिनाची परीक्षा थंड असताना करावी. मालकाने आपण येण्यापूर्वीच गाडी तापवून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावताच कळते. सुरू केल्यावर निळा धूर आला तर इंजिन तेल खाते आहे, काळा आला तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. या गाडीचे इंजिन बरे निघाले. मामाचा चेहरा खुलला. बाबांचा मात्र नाही. ते खाली गोणपाट अंथरून आडवे झाले.

कारण, त्यांच्या मते, इंजिन काढून नवे बसवता येते. कुजलेला सांगाडा बदलता येत नाही. कॅम्परचे छत हवेच्या खिडकीसाठी कापलेले असते. त्या कापाच्या कडेने पाणी झिरपते, कपाटामागचा प्लायवूड फुगतो आणि त्यामागचा पत्रा कोणाच्या नजरेस न पडता गंजत राहतो. बाबांनी खिशातले लोहचुंबक दाराच्या खालच्या पट्टीवर फिरवले. चार ठिकाणी ते चिकटलेच नाही. तिथे पत्रा नव्हता, लांबी भरून रंग मारला होता.

आता वजनाचे. १०० लिटर पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो. शिवाय पलंग, कपाटे, जादा बॅटरी, सिलिंडर. मूळ गाडीच्या पाट्यांनी आणि ब्रेकांनी हे सारे सोसायचे. मागचे पाटे सरळ झाले होते. अशी गाडी वजनकाट्यावर नेल्याशिवाय सौदा करूच नये. आणि गॅस! स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशीच बाहेर जाणारे भोक हवे. इथे नव्हते. याच गाडीत कुणाची तरी लेकरे झोपणार होती.

परदेशात हे वेड जुने आहे. जर्मनीतील वेस्टफालिया कंपनी १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये पलंग-कपाटे बसवू लागली. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत अशा व्हॅन घेऊन तरुण मंडळी युरोपातून इराण, अफगाणिस्तानमार्गे थेट गोव्यापर्यंत येत. त्या जुन्या इंजिनात तेल गार करणारा कूलर हवेच्या वाटेत असल्याने तिसरा सिलिंडर अधिक तापे. खोड सर्वांना ठाऊक, दुरुस्तीही ठाऊक आणि सुटे भाग आजही मिळतात. म्हणून त्या टिकल्या. सुटा भाग किती दूर मिळतो, हाही गाडीच्या भरवशाचा भाग आहे. तालुक्यात न मिळणाऱ्या शंभर रुपयांच्या नळीसाठी आठ दिवस गाडी उभी राहिली, तर मामाचा हंगाम बुडालाच.

शेवटी कागद. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीत परवानगीवाचून मनाजोगते बदल करता येत नाहीत. आरसी पुस्तकात मात्र ही गाडी अजून साधी प्रवासी व्हॅनच होती. त्यातून खासगी नोंदणी. म्हणजे भाड्याने देण्यास निरुपयोगी. हे कलम मी वाचून दाखवले. बाबांनी ते दोनदा वाचायला लावले. घरात माझ्या शिक्षणाचा असा उपयोग पहिल्यांदाच झाला.

मामा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बाबांना फोन केला. आणखी एक गाडी आहे म्हणाला. दोन लाख किलोमीटर चाललेली, आतून अगदी ओबडधोबड, पण मालकाने दर दुरुस्तीचे बिल पिशवीत जपून ठेवलेले.

“पिशवी आधी आण,” बाबा म्हणाले, “मग मी गोणपाट घेऊन येतो.”