तांदूळ घेताना वाण विचारा, हंगामही विचारा

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने एक चाचणी घेतली. परीक्षक फ्रेंच, सगळे त्या क्षेत्रातले नावाजलेले. बाटल्यांवरची नावे झाकलेली होती. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या आणि तांबड्या अशा दोन्ही गटांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या वाइनला मिळाला होता. फ्रान्सच्या बरोबरीने तिचे नाव घ्यायलाही तोवर कोणी तयार नव्हते. पुढे २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किंमत न सांगता घेतलेल्या सहा हजारांहून अधिक चाखण्या तपासल्या गेल्या. विशेष प्रशिक्षण नसलेल्या सामान्य माणसांना महाग वाइन अधिक आवडते, असे त्यातून दिसले नाही. कल उलट किंचित स्वस्त वाइनकडेच होता. नाव आणि भाव डोळ्यांआड झाले की जीभ खरे बोलते, हा या दोन्हींचा धडा. शिवाय वाइनचा साधा गिऱ्हाईकही दोन गोष्टी विचारतो: द्राक्ष कोणते आणि साल कोणते. भंडारा जिल्ह्यात द्राक्षाचे मळे नाहीत, धानाच्या बांध्या आहेत. वैनगंगेच्या पाण्यावर आणि जुन्या मालगुजारी तलावांवर पिकणारा तांदूळ इथे दोन्ही वेळच्या ताटात असतो. तरी दुकानात आपण दाणा किती बारीक, किती पांढरा आणि भाव काय एवढेच बघतो. वाण आणि हंगाम विचारून, नाव झाकून, चाखून तांदूळ घेतला तर कमी पैशात चांगला भात मिळेल आणि चांगले वाण शेतात टिकतील, असे माझे म्हणणे आहे.

वाणावाणांत फरक असतो ही नुसती समजूत नाही. तांदळाच्या स्टार्चचे दोन घटक आहेत, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोजचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या वर असेल तर भात मोकळा होतो आणि गार झाल्यावर कडक पडतो. ते वीस टक्क्यांच्या खाली असेल तर भात मऊ, चिकटसर होतो. हे प्रमाण मुख्यतः वाणावर ठरते, थोडेफार हवामानावर. सुवासाचेही तसेच. इथला चिन्नोर वाण शिजताना घरभर जो वास सुटतो, तशा सुवासिक तांदळांच्या वासात मुख्य वाटा २-असिटिल-१-पायरोलिन या द्रव्याचा असतो. बासमतीच्या वासामागेही तेच द्रव्य आहे. म्हणजे वास ही बासमतीची मक्तेदारी नव्हे. आपल्या बांधीतला आखूड दाण्याचा चिन्नोर त्या बाबतीत कुणापुढे मान खाली घालणार नाही. दाण्याची लांबी डोळ्यांना दिसते म्हणून तिचे मोल वाढले. वास पोत्याबाहेरून दिसत नाही म्हणून तो हिशेबातून सुटला.

दुसरा प्रश्न सालाचा. जुना तांदूळ चांगला, हे घरोघरी ऐकू येते आणि त्याला आधारही आहे. साठवणीच्या पहिल्या काही महिन्यांत दाण्यातल्या प्रथिनांत आणि स्निग्ध पदार्थांत बदल होतात. दाणा टणक होतो, शिजताना जास्त पाणी पितो, जास्त फुगतो आणि त्यातला स्टार्च पाण्यात कमी उतरतो. नव्या तांदळाची पेज दाट आणि जुन्याची पातळ का, याचे उत्तर इथे आहे. पण ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. सुवासाचे द्रव्य हवेत उडून जाणारे आहे, त्यामुळे साठवणीत ते घटत जाते. मोकळ्या भातासाठी एचएमटी किंवा जय श्रीराम यांसारखा वाण एक वर्ष जुना घेणे शहाणपणाचे. पण चिन्नोरचा वास हवा असेल तर नव्या हंगामाचाच घ्यावा आणि पाणी बेताने घालावे. जुना की नवा, याचे उत्तर वाण कळल्याशिवाय देता येत नाही. म्हणूनच हे दोन प्रश्न जोडीने विचारायचे.

तुलना करायची तर ती न्याय्य हवी. सगळ्या तांदळांना मोजून सारखे पाणी घालणे वरवर निष्पक्ष वाटते, पण त्यात जुन्या तांदळावर अन्याय होतो; तो टणक राहतो आणि नापास ठरतो. प्रत्येक तांदूळ त्याला लागेल तेवढ्या पाण्यात नीट शिजवावा, आणि ते पाणी किती लागले ही नोंद निकालाचाच भाग मानावी. आधी कच्चा दाणा तळहातावर घेऊन पाहावा: कणी किती, पोटाशी खडूसारखा पांढरा डाग आहे का, दाणे एकसारखे आहेत की दोन वाण मिसळले आहेत. मग मूठभर तांदूळ तळहातांत चोळून वास घ्यावा. भात शिजल्यावर वाट्यांखाली क्रमांक लिहून ठेवावेत आणि कोणता कोणाचा हे वाढणाऱ्यालाच ठाऊक असावे. पहिला घास वरणाशिवाय, गरम असताना. दुसरा दोन तासांनी, गार झाल्यावर. डबा घेऊन शेतावर किंवा कामावर जाणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा घासच निर्णायक, कारण गरम असताना सुंदर लागणारा भात दुपारी कोरडा पडतो की मऊ राहतो, हे तेव्हाच कळते.

यावर आक्षेप येतील. वरण किंवा रस्सा ओतल्यावर कोणाला काय कळते, असे म्हटले जाते. पण रस्सा धरून ठेवणे हाही भाताचा गुण आहे. फार मोकळा भात रस्सा खाली सोडतो, मऊ भात तो मुरवून घेतो. आवड ज्याची त्याची, हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि नाव झाकून चाखण्याचे तेच मुख्य कारण आहे. सर्वोत्तम तांदूळ शोधायचा नाही, तर आपल्या घराला कोणता रुचतो आणि त्यासाठी जास्त पैसे मोजण्याची गरज आहे का, हे ठरवायचे आहे. तिसरा आक्षेप गंभीर आहे: ज्याच्या घरी रेशनचाच तांदूळ येतो त्याने काय निवडावे? त्याला दुकानात निवड नाही हे खरेच. पण जुन्या-नव्याची पारख आणि पाण्याचा अंदाज त्यालाही तितकाच उपयोगी पडतो, आणि पारख करायला पैसे लागत नाहीत.

ही पारख शेतापर्यंत पोहोचते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ च्या सुमारास पटेल-३ या धानाच्या उभ्या पिकात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, वर्षानुवर्षे निवडून त्यांनी जो वाण उभा केला तोच एचएमटी; त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून हे नाव पडले. ३ जून २०१८ रोजी ते गेले. एका शेतकऱ्याच्या नजरेतून जन्मलेल्या या वाणाचे नाव आज दिसेल त्या बारीक दाण्याला सर्रास लावले जाते, कारण गिऱ्हाईक पडताळून पाहत नाही. सरकारी खरेदीतही किमान आधारभूत किमतीसाठी धानाचे दोनच वर्ग आहेत, साधारण आणि ‘अ’ दर्जा, आणि ते दाण्याच्या आकारावरून ठरतात. त्या भावात वासाला आणि चवीला जागा नाही. चिन्नोर उशिरा येतो, उंच वाढून लोळतो, उताराही कमी देतो. वासाचे दाम कोणी मोजले नाही, तर शेतकऱ्याने तो केवळ हौसेपोटी लावत राहावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

तेव्हा राइस मिलवाल्यांनी पोत्यावर वाणाचे नाव, धान खरिपाचे की उन्हाळी, आणि कापणीचे वर्ष छापावे. दुकानदाराने पाव-पाव किलोचे नमुने द्यावेत. पण गिऱ्हाईकाने मागितल्याशिवाय यातले काहीच होणार नाही, म्हणून सुरुवात आपल्यालाच करायची आहे. दिवाळीनंतर नवा माल बाजारात येतो, तेव्हा दोन वाण नवे आणि एक जुना असे तीन नमुने आणून घरात चाखावेत, आणि जो पसंत पडेल तो पुढच्या वेळी नावानिशी मागावा.