चारच्या आत

सकाळी ६.५०
आळेफाट्याच्या चौकात पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते एकमेकांना कापून जातात. चौकातून ओतूरच्या अंगाला थोडं पुढं गेलं की पत्र्याचं एक गॅरेज लागतं. दोन शटर, पुढं काळाकुट्ट झालेला सिमेंटचा ओटा, कडेला गाडीखाली उतरायचा खड्डा. जुलै आहे, पाऊस भुरभुरतोय. खड्ड्यात घोटाभर पाणी साचलंय. धाकटा पोरगा बादलीनं ते उपसतो. थोरला कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडतो. फस्स करून रात्रीचं पाणी बाहेर.

थोरला आयटीआयचा, डिझेल मेकॅनिकचा वर्षाचा कोर्स केलेला. महिन्याला तेरा हजार. धाकट्याला रोज साडेतीनशे, चहा-नाश्ता वेगळा. वस्ताद पन्नाशीचे. ते उदबत्ती लावतात, मोबाइल चार्जिंगला लावतात आणि पाने पुसायला बसतात. पाने पुसायचं काम ते कुणाला देत नाहीत.

सकाळी ७.३०
दुधाची पिकअप. कॅन डेअरीवर उतरवून आली आहे. फक्त ग्रीसिंग. धाकटा खड्ड्यात उतरतो. आधी प्रत्येक निपल चिंधीनं पुसायचा, मग ग्रीस गन लावायची. न पुसता गन लावली तर पहिल्या दाबाला मातीच आत जाते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या पिना, किंगपिना. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन मागून नवं दिसलं की थांबायचं. एक निपल ग्रीस घेत नाही. बदलला, वीस रुपये. एकूण दोनशे. पंचवीस मिनिटांत गाडी बाहेर.

सकाळी ९.२०
वाशीहून पहिली गाडी परतली. काल संध्याकाळी नारायणगावात टोमॅटो भरला, रात्री वाशीच्या भाजी मार्केटात उतरवला, पहाटे रिकामे क्रेट घेऊन मुरबाडवरून माळशेज चढून वर. चालकच मालक. डोळे लाल.

"वस्ताद, चारच्या आत गाडी पायजे. पाचला भरायचीय."

या गॅरेजचं सगळं काम या चारच्या आत बसवलेलं असतं. गाडी सकाळी रिकामी येते आणि संध्याकाळी भरायला जाते. मधले सहा-सात तास वस्तादांचे. एक खाडा झाला की खेपेचं साडेपाच हजार भाडं गेलं. त्यातनं दोन-सव्वादोन हजारांचं डिझेल सुटतं, पण महिन्याचा सतरा हजारांचा हप्ता सुटत नाही.

इंजिन गरमच आहे. तसंच हवं. गरम ऑइल पातळ असतं, तळाचा गाळ घेऊन उतरतं. पण वस्ताद आधी पट्टी काढतात. ऑइल वरच्या खुणेच्याही वर आहे. बोटावर घेतात, चोळतात, वास घेतात.

"टॉप-अप केलतं का?"
"न्हाय."
"मग वाढलं कसं? डिझेल उतरलंय यात."

ही १ एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ गाडी. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर आहे, गॅरेजात त्याला डीपीएफ म्हणतात. फिल्टर भरत आला की इंजिन जादा डिझेल सोडून आतली काजळी जाळतं. जळण चालू असताना मध्येच गाडी बंद केली, असं वरचेवर झालं, तर त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलात उतरतं. ऑइल पातळ होतं आणि पट्टीवर जास्त दिसतं. ऑइल कमी झालं की चालक घाबरतात. वाढलं तर खूश होतात.

"मार्केटात लाइनीत उभं राहून गाडी चालू-बंद करतोस ना? डीपीएफची बत्ती पेटली की गाडी बंद करायची न्हाय. हायवेला वीस मिनिटं एका लयीत पळव. जळू दे तिला."

चेंबरचा नट सुटतो. ऑइलची धार पडते, आधी जाड, मग दोऱ्यासारखी. काळं आहे म्हणून ते खराब, असं नसतं. डिझेलच्या ऑइलनं काजळी पोटात घ्यायचीच असते, नवं ऑइलही लगेच काळं होतं. नटाचा तांब्याचा वायसर दर वेळी नवा. दहा रुपये.

चालकानं येता येता दुकानातनं ऑइल आणलंय. साडेसात लिटरचा कॅन, सव्वीसशे. वस्ताद कॅन पुढून बघतच नाहीत. उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचतात, चष्मा कपाळावर चढवून.

"पंधरा डब्ल्यू चाळीस, ते बराबर. पण हे सीआय-चार प्लस आहे. तुझ्या गाडीला सीके-चार लागतं. परत दे."
"दुकानदार म्हनला चालतं."
"इंजिनाला चालतं रे. फिल्टरला न्हाय चालत."

मग ते थोरल्याकडं बघतात. थोरला शाळेत उत्तर द्यावं तसं सांगतो : ऑइलही थोडं थोडं जळतं, त्यातल्या रसायनांची राख होते. काजळी पुन्हा जाळता येते, राख जळत नाही. ती फिल्टरात साचतच जाते. सीके-४ मध्ये राखेला मर्यादा घातलेली असते. फिल्टर बदलायचा म्हणजे लाखाच्या घरात.

चालक कॅन उचलतो, पावसात दुकानाकडं निघतो. आठशे रुपये जादा मोजून अर्ध्या तासानं दुसरा आणतो. झाकणाखाली स्क्रॅच करायचं कूपन असतं, मेकॅनिकनं मोबाइलवर टाकलं की त्याला पॉइंट मिळतात. वस्ताद कूपन घेतात. ते लपवत नाहीत. परत पाठवलेल्या कॅनवर पॉइंट जास्त होते, एवढं मात्र थोरल्यानं मला हळूच सांगितलं.

ऑइल फिल्टरच्या रबराला बोटानं नवं ऑइल लावून तो हातानंच आवळायचा. पान्यानं आवळला तर पुढच्या वेळी छिन्नी मारून काढावा लागतो. साडेसहा लिटरच्या आसपास गेलं. उरलेलं सीटखाली, वाटेत लागलं तर. डिझेल फिल्टर बदलला, हातपंपानं प्रायमिंग केलं. एअर धरली नाही, पहिल्या सेल्फला उठली.

बिल : ऑइल ३,४०० चालकानंच दिलेले. ऑइल फिल्टर ३२०, डिझेल फिल्टर ८५०, मजुरी ५००, वायसर वस्तादांकडून. १,६७० झाले. हजार रोख, ६७० वहीत. कंपनीच्या पुस्तकात ऑइल बदलायचा आकडा मोठा छापलेला असतो. भरून घाट उतरणाऱ्या गाडीला वस्ताद तो लावत नाहीत. दहा हजार किलोमीटर म्हणजे दहा हजार.

सकाळी ११.४०
जुनी गाडी, बीएस-४. तक्रार एका ओळीची : "घाटाच्या खालच्या अंगाला पॅडल पोकळ लागतं. वर सपाटीला झकास."

माळशेजची रचना अशी की भरलेली गाडी उतरते आणि रिकामी चढते. जुन्नरचा टोमॅटो, कोबी, कांदा सगळं घाटावरून खाली जातं. उतरताना पावणेदोन टनांचं पासिंग असलेल्या गाडीत किती क्रेट असतात ते मी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

वस्ताद बोनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघतात. ऑइल चहासारखं झालंय. शेवटी कधी बदललं? चालकाला आठवत नाही. कमी झालं की वरून टाकतो, म्हणतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. झाकण घट्ट असलं तरी, हळूहळू. कोरडं डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या वर उकळतं. पाणी प्यायल्यावर ते १४०वर येतं. डॉट-४चे आकडे २३० आणि १५५. घाटात अर्धा तास ब्रेकवर पाय ठेवला की डिस्क तापते, कॅलिपर तापतो, ऑइलातलं पाणी उकळतं आणि नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते. पॅडल खाली जातं, चाकाला काही पोचत नाही. खाली टोकावड्याला चहा प्यायला थांबलं की सगळं थंड होतं आणि ब्रेक पुन्हा लागतात. म्हणून सपाटीला झकास.

"अर्धा लिटर डॉट-चार आण. सीलबंद. फोडलेली बाटली कुणी फुकट दिली तरी न्हाय घ्यायची."

हे काम तासाभराचं आणि दोघांचं. गाडी घोड्यांवर. धाकटा सीटवर, वस्ताद मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत.

"दाब."
"दाबलं."
"धर."
निपल सैल. तपकिरी ऑइल, मध्ये बुडबुडे. निपल बंद.
"सोड."

दाब, धर, सोड. चारी चाकांना हेच. डबी रिकामी होऊ द्यायची नाही, नाहीतर वरनं हवा जाते आणि पहिल्यापासून. थोरला बाटली धरून पुढं उभा. शेवटच्या चाकाला नळीत पिवळसर, स्वच्छ ऑइल दिसायला लागलं तेव्हा वस्तादांच्या गुडघ्यांनी आवाज केला. पुढचे पॅडही काचेसारखे गुळगुळीत झाले होते. तेही बदलले.

मजुरी चारशे. चालक म्हणतो, "तीनशे करा की." इथं वस्ताद ऐकत नाहीत. ग्रीसिंगचे पन्नास सोडतील, ब्रेकचे नाही. "आणि गेअरवर उतरव. ज्या गेअरात चढतोस त्याच गेअरात उतरायचं. न्यूटल करून डिझेल वाचवत असशील तर दुसरं गॅरेज बघ."

दुपारी १.३०
डबे. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. हात आधी डिझेलनं, मग वॉशिंग पावडरनं धुतात. नखांतलं काळं राहतंच.

दुपारी २.१०
तिसरी गाडी, दुसऱ्या गेअरला खरखर. चालक म्हणतो, ऑइल परवाच बदललंय. वस्ताद लेव्हल प्लगमध्ये बोट घालून वास घेतात. गंधकाचा उग्र वास.

"हाउसिंगचं ऑइल टाकलंय कुणीतरी गेअरबॉक्समधी."

मागच्या हाउसिंगमध्ये क्राउन आणि पिनियनचे दात एकमेकांवर घसटत फिरतात, तिथं जीएल-५ लागतं, दाब सोसणारं. त्यातलं गंधक-फॉस्फरस पोलादाला वाचवतं. गेअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात. जुन्या धाटणीचं जीएल-५ त्यांना खातं. शिवाय ते जाड असलं तर रिंगा नीट धरतही नाहीत. म्हणून गेअरबॉक्सला जीएल-४, ८० डब्ल्यू ९०. दोन्ही डबे शेल्फवर शेजारी असतात, किमतीत थोडाच फरक. ज्यानं टाकलं त्याला वस्ताद शिव्या देत नाहीत. नुसते ऑइल सोडतात, नवं भरतात आणि सांगतात, "आठ दिवस बघ. खरखर गेली तर गेली, न्हायतर पेटी उतरवावी लागंल." पेटी उतरवायची मजुरीच अडीच हजार. चालक गप्प.

दुपारी ३.०५
चौदा फुटी टेम्पो, युरियाची बत्ती पेटलेली. खरं तर ते डीईएफ, पण रस्त्यावर सगळे युरियाच म्हणतात. निळ्या झाकणाची टाकी. झाकणाभोवती पांढरे खडे जमलेत. वस्ताद खिशातनं रिफ्रॅक्टोमीटर काढतात. दीड हजारांची छोटी दुर्बीण. बॅटरीचं पाणी, कूलंट आणि युरिया तिन्ही त्यात मोजता येतं. काचेवर एक थेंब, डोळा लावून आभाळाकडं. साडेबत्तीस टक्के यायला हवं. सत्तावीस येतं.

"कुठनं घेतला?"
"रस्त्याला सुटा मिळत होता. स्वस्त होता."

टाकी रिकामी करून धुवायची. डिस्टिल्ड पाण्यानं, बोअरच्या नाही. इथल्या पाण्यात क्षार आहेत, ते पुढच्या जाळीत बसतात. त्याच पाण्यानं रेडिएटरही चोंदतात. आज तरी रेडिएटरचं गिऱ्हाईक आलं नाही. वीस लिटरची नवी बादली बाराशेला. टेम्पोवाला पैसे मोजताना सुट्या युरियावाल्याचा उद्धार करतो.

दुपारी ३.५०
सगळ्या गाड्या बाहेर. ब्रेकवाली वस्तादांनी स्वतः चौकापर्यंत नेऊन आणली, दोनदा कचकन दाबून.

संध्याकाळी ५.३०
जळकं ऑइल घेणारा छोटा हत्ती घेऊन येतो. लिटरला तीस रुपये. ड्रममध्ये काठी घालून मोजतो, वस्ताद आपली काठी घालून मोजतात. दोन्ही काठ्यांत थोडा फरक. मधला आकडा धरतात. कायद्यानं हे घातक कचऱ्यात येतं आणि नोंदणी असलेल्यालाच द्यायचं असतं. याच्याकडं कागद आहे, वस्तादांनी एकदा बघितलाय. सेंट्रिंगवालाही डबा घेऊन येतो, फळ्यांना लावायला. त्याला आज नाही मिळालं. धाकटा रिकाम्या कॅनांना टॉमीनं भोकं पाडतो. भोक नसलं तर भंगारातून तेच कॅन दुसरं काहीतरी भरून दुकानात परत येतात.

संध्याकाळी ७.४०
वही. मजुरीचे एकवीसशे, स्पेअरपार्टमधले सुटलेले साडेचारशे, ऑइलच्या ड्रमचे अठराशे, पण तो दीड महिन्यानं भरला होता. उधारी ६७० आणि ब्रेकवाल्याचे दोनशे. जाताना त्याची पाचशेची नोट मोडेना. वीजबिल शनिवारी भरायचं. दुकानदाराला फोन : ब्रेक पॅड दोन सेट, जीएल-४ पाच लिटर.

रात्री ९.१५
फोन. सकाळचाच बीएस-६वाला, मढच्या पुढं उभा आहे. घाट अजून उतरायचा आहे, आणि पुढं रेंज जाते.

"वस्ताद, डिझेलच्या फिल्टरची बत्ती पेटली. पाणी दावतंय."
"सकाळी नवा टाकलाय. डिझेल कुठं भरलंस?"
"पंपावर, संध्याकाळी."
"बंद कर गाडी. फिल्टरच्या बुडाला प्लास्टिकचा स्क्रू आहे, हातानं सैल कर. खाली बाटली धर. आधी पाणी येईल, मग नुसतं डिझेल. डिझेल आलं की आवळ. दहा-पंधरा वेळा हातपंप मार आणि मग सेल्फ."

फोन चालूच. पावसाचा आवाज, कुणीतरी टॉर्च धरतंय.

"आलं पाणी. अर्धा कप असंल."
"बाटली टाकू नको. उद्या पंपावर दाखवायला लागंल. बत्ती गेली का?"
"गेली."
"मग नीघ. दुसऱ्या गेअरात उतरव."