प्रमाणपत्र डोक्याला की हातांना?

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या पाळीला एखादा कामगार अचानक कोसळला, तर त्याच्याजवळ सर्वांत आधी कोण पोहोचेल? डॉक्टर नव्हे, शेजारच्या मशीनवरचा सोबती. १९४८ च्या कारखाने कायद्याने ही गोष्ट ओळखली होती. त्याच्या ४५ व्या कलमाने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी ठेवायला लावली आणि ती प्रथमोपचाराचे मान्य प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात असावी अशी अट घातली. हे प्रमाणपत्र वर्गात जाऊन मिळवावे की ऑनलाइन?

पाळीत काम करणाऱ्याला ऑनलाइन अभ्यास सोयीचा वाटतो, यात नवल नाही. दर आठवड्याला पाळी बदलते, रजा टाकली की पगार कापला जातो. मोबाइलवरचा पाठ मात्र केव्हाही पाहता येतो, न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो. मग अडचण कुठे आहे? त्यासाठी आधी शरीरात काय घडते ते पाहू.

हृदय थांबले की मेंदूचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. छातीदाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाबरोबर रुग्ण वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. पण चाकणच्या तळेगाव चौकातली वाहतूक कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मिनिटांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तोपर्यंत हृदयाचे काम दोन तळहातांना करावे लागते. छातीच्या मधले हाड, म्हणजे उरोस्थी, दाबली की रक्त बाहेर ढकलले जाते. दाब सोडला की छाती वर येते आणि हृदय पुन्हा भरते. प्रौढ माणसासाठी दाबाची खोली ५ ते ६ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असावा लागतो. हे सारे नीट जमले तरी नेहमीच्या रक्तप्रवाहाच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांश प्रवाह मिळतो. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारा दाब एकामागून एक दाबांनी हळूहळू चढतो आणि हात थांबताच झपाट्याने उतरतो. म्हणूनच मध्येच थांबणे महागात पडते.

‘५ सेंटिमीटर’ हे वाचून पाठ होते. पण तळहाताखाली ५ सेंटिमीटर म्हणजे किती, हे वाचून कळत नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीदाबाची पद्धत १९६० मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनवणारे लार्डाल यांनी सरावासाठी ‘ॲन’ नावाची बाहुली तयार केली, ती हीच उणीव भरून काढण्यासाठी.

पुढे अनेक चाचण्यांत असे दिसले, की व्हिडिओ पाहता पाहता बाहुलीवर सराव करणारे लोक शिक्षकाच्या वर्गात शिकलेल्यांच्या जवळपास बरोबरीचे ठरतात. म्हणजे वर्गात जादू नाही. चाळीस शिकाऊ आणि एकच बाहुली असेल, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धे मिनिट येत असेल, तर तो वर्गही चित्रफितीइतकाच. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या एका अभ्यासक्रमात माहितीचा भाग ऑनलाइन असतो, पण प्रत्यक्ष कौशल्य तपासल्यावाचून कार्ड मिळत नाही. ही विभागणी आम्हाला शहाणपणाची वाटते.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. माझे हात किती मिनिटे बाहुलीवर असतील? चूक कोण किंवा कोणते उपकरण दाखवील? हे प्रमाणपत्र आमच्या कारखान्यात चालेल का? आणि पुन्हा सराव केव्हा? शेवटचा प्रश्न बहुधा राहून जातो. प्रमाणपत्राची मुदत सहसा दोन-तीन वर्षांची असते. हातांचे कौशल्य मात्र तीन ते सहा महिन्यांतच घसरू लागते.

आपल्या शाळांतली कितीतरी मुले आयटीआयमार्गे याच कारखान्यांत जाणार आहेत. त्यांच्यासाठी एक प्रयोग सुचवतो. जमिनीवर काट्याचा वजनकाटा ठेवा. विद्यार्थ्याने गुडघ्यांवर बसून, खांदे हातांच्या बरोबर वर आणून, कोपरे ताठ ठेवून तो दाबावा. दर वेळी काटा ४० किलोच्या आसपास न्यावा आणि पूर्ण शून्यावर येऊ द्यावा. वेग मिनिटाला ११०, वेळ दोन मिनिटे. दुसऱ्याने दर अर्ध्या मिनिटाला वरचा आणि खालचा आकडा टिपावा. मग हाच प्रयोग कोपरे वाकवून करावा. जिवंत माणसाच्या छातीवर मात्र हा सराव कधीही करू नये.

दुसऱ्या मिनिटात बहुतेकांचा वरचा आकडा घसरेल, काहींचा खालचा आकडा शून्यावर येणार नाही. दर दोन मिनिटांनी माणूस का बदलायचा, हे मग मुलांनाच विचारा.